यादीत तीनदा आलेलं नाव

शपथा घ्यायची मला सवय नाही. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढची गोष्ट उघडावी.

पण हे घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि थोडं माझ्या अंगावरही.

ठिकाण ग्वाल्हेर. लष्कर भागात, फूलबागेच्या मागच्या गल्लीत आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर. तारीख सतरा मे दोन हजार तेवीस, बुधवार. वेळ दुपारी अडीच.

हो, दुपारी. भुताखेतांना रात्रच लागते असं म्हणणाऱ्यांनी ग्वाल्हेरचा मे महिना पाहिलेला नाही. बारा ते पाच लू, म्हणजे आगीसारखा गरम वारा वाहतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. ओरडलात तरी ऐकायला कोणी येत नाही.

माझं नाव गरिमा. वय छत्तीस. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले, मी स्कूटीवर फिरते. सकाळी एका इन्स्टिट्यूटमध्ये पीजीडीसीएच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. आठवड्यातून तीन दुपारी मंडळात बसते. स्थळांची सगळी माहिती तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर, अ‍ॅक्सेस नावाच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ग्वाल्हेरात आमची घरं मोजकी, म्हणून झाशी, सागर, इंदूर, बडोदा इथलेही फॉर्म येतात.

दोन हजार अठराच्या दिवाळीत मी हे काम घेतलं. माझ्या आधी मंदाताई होत्या. त्या त्याच दिवाळीत वारल्या.

मंदाताईंची एक खोड होती. शेऱ्याच्या रकान्यात त्या फोनवर कळलेलं सगळं लिहून ठेवायच्या. ‘मुलगा तोतरा बोलतो.’ ‘आई खाष्ट.’ ‘वडिलांना प्यायची सवय, पण दसऱ्यापासून सोडली म्हणतात.’ एकदा हे छापून बाहेर गेलं आणि एक वरपिता काठी घेऊन ऑफिसात आले. तेव्हापासून सेक्रेटरी महिपतरावांनी धसका घेतला होता.

“गरिमा, हे सगळं दिसायला नको,” ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि एका माणसाचं नाव एकदाच आलं पाहिजे. लोक हसतात आपल्याला.”

नावं दोनदा-तीनदा यायची, कारण लग्न जमलं नाही की लोक पुन्हा फॉर्म भरायचे आणि मंदाताई जुनी नोंद न सुधारता नवी करायच्या.

मला हसू आलं. पाच मिनिटांचं काम होतं.

क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न. तीस ते चाळीस वयाचे, नोकरीवाले वर दाखव. तो दाखवतो. पण उत्तरात काय दिसावं हे विचारणारा ठरवतो. प्रत्येक रकान्याखाली एक बारीक चौकोन असतो. टिक असेल तर रकाना दिसतो. टिक काढली की माहिती आत असतेच, फक्त दिसत नाही. वर्गात मुलांना मी सांगते, “डिलीट नहीं किया है, बस परदा डाल दिया है।”

मी तीन टिका काढल्या. शेरा. नोंदणीची तारीख. आणि वैवाहिक स्थिती, म्हणजे अविवाहित, विधुर की घटस्फोटित. ते घरच्यांनी फोनवर विचारून घ्यावं, असं कमिटीचंच मत होतं.

मग ‘युनिक व्हॅल्यूज’ची सेटिंग ‘येस’ केली. म्हणजे ज्या ओळी दिसायला सारख्या, त्यांतली एकच दाखवायची. नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, गाव. हे सगळं सारखं असलं की तीन नोंदींची एक ओळ व्हायची.

यादी कशी स्वच्छ दिसायला लागली! महिपतरावांनी मला पेढे दिले. साडेचार वर्षं मी त्याच यादीच्या प्रिंट काढून वाटल्या.

आणि त्याच यादीतून मी माझ्या धाकट्या बहिणीसाठी, उन्नतीसाठी, स्थळ काढलं.

समरजीत. (हे नाव मी बदललंय. बाकी काही बदललेलं नाही.) सागरचा, सरकारी इंजिनिअर, वय अडतीस. विधुर आहे हे त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. बायको कोरोनात गेली, मूल नाही. बोलायला इतका मऊ की आमची आई दुसऱ्या दिवशी फोन करून त्याच्या सर्दीची चौकशी करायला लागली. उन्नती एकतीसची. सात स्थळं नाकारलेली. याला भेटून आली आणि म्हणाली, “ताई, हा चालेल. मतलब... चांगला आहे.”

अक्षय्य तृतीयेला साखरपुडा झाला. लग्न आठ जूनला ठरलं.

आता त्या बुधवारचं सांगते.

महिपतराव जेवायला घरी गेले होते. जेवून झोपून चारला यायचे. मी एकटी होते. कूलर घरघरत होता. जूनची यादी छापायची होती, आणि छापण्याआधी, लग्न जमल्याचं ज्यांनी कळवलं त्यांची नावं काढायची होती. समरजीतचं नाव काढायचा मान मला होता. मनात म्हटलं, घ्या, भावी मेहुणे सुटले यादीतून.

मी यादी उघडली.

एकशे अठ्ठेचाळीस नावं हवी होती. खाली आकडा होता... एकशे पन्नास.

मी खाली-खाली गेले. समरजीत. त्याखाली पुन्हा समरजीत. त्याखाली पुन्हा समरजीत.

तिन्ही ओळी शब्दन् शब्द सारख्या.

असं होऊच शकत नाही. सेटिंग तपासली. ‘येस’च होती. बाकी सगळी नावं एकेकदाच आलेली. मी क्वेरी बंद केली, पुन्हा उघडली. तीन ओळी. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तीन ओळी.

माझा संताप फार लवकर वर येतो. म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात. मूळ नोंदींचा तक्ता उघडला, पुढचे रकाने न वाचताच त्याच्या तीन ओळी निवडल्या आणि डिलीटच्या बटणाकडे हात नेला.

कूलर बंद पडला.

दिवा चालू होता. कॉम्प्युटर चालू होता. फक्त कूलर...

आणि त्या शांततेत, माझ्या उजव्या कानाशी, काचेच्या बांगड्या वाजल्या.

मी बांगड्या घालत नाही.

मग माझं मनगट कोणीतरी धरलं. स्पर्श झाला वगैरे म्हणत नाही मी. धरलं. आणि टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा मी किंचाळले, आणि हात तसाच टेबलावर दाबून धरला गेला. समोर कोणी नव्हतं. माझी कातडी आत-आत जाताना मला दिसत होती. गोल गोल रेघा, एकाखाली एक. त्यांतली एक रेघ फुटली आणि तिच्यातून रक्त आलं.

मग एकदम सुटला हात.

कूलर सुरू झाला.

चारला महिपतराव आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मनगट पाहिलं, माठातलं पाणी दिलं.

“लू लागली आहे तुला. चक्कर येऊन टेबलावर पडली असशील.”

“काका, आणि या रेघा?”

“घरी जा. कैरीचं पन्हं घे.”

मी घरी गेले. उन्नती आईबरोबर साड्यांच्या पिशव्या उघडून बसली होती. इतकी हसत होती. मी मनगटाला क्रेप बँडेज बांधलं आणि स्कूटीवरून पडले म्हणून सांगितलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? तुझ्या नवऱ्याचं नाव तीनदा आलं म्हणून?

शुक्रवारी मी ऑफिसात लवकर गेले. ठरवलं होतं की डिलीट काही करायचं नाही, फक्त बघायचं. महिपतराव दीडलाच निघून गेले.

यादी उघडली. तीन ओळी. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. माऊसला हात लावलेला नव्हता.

आणि पडद्यावरचा बाण हलला...

सावकाश. चुकत-चुकत, नवीन शिकणारा माऊस धरतो तसा. क्वेरी डिझाइनमध्ये उघडली. बाण खालच्या चौकोनांपाशी गेला. वैवाहिक स्थिती. टिक. नोंदणीची तारीख. टिक. शेरा. टिक.

क्वेरी चालली.

आता तिन्ही ओळी वेगळ्या होत्या.

पहिली, दोन हजार चौदा. अविवाहित. शेरा: ‘उत्तम स्थळ. घाईत आहेत.’

दुसरी, दोन हजार अठरा. विधुर. शेरा मंदाताईंचा: ‘पत्नी जिन्यावरून पडून गेली. लग्नाला दोन वर्षं. माहेरचे पोलिसात गेले होते, मग गप्प झाले. जपून.’

तिसरी, दोन हजार बावीस. विधुर. ही ऑनलाइन फॉर्मवरून थेट आत आलेली, मी कधी वाचलेलीच नव्हती. ‘दिवंगत पत्नी वनमाला, माहेर झाशी. कोरोनात निधन, एप्रिल २०२१.’

मी ते परत परत वाचलं. कोरोना एकवीसचा. हा माणूस अठरातच विधुर होता.

एक बायको गेली असं त्याने आम्हाला सांगितलं होतं. गेल्या होत्या दोन.

आणि मग मला झाशीचे ते काका आठवले. एकोणीस साली आलेले. रिटायर्ड मास्तर, कापडी पिशवी, घामाने भिजलेला सदरा. मुलीचं नाव आजीवरून वनमाला ठेवलंय म्हणाले होते. मी त्यांना यादी दिली होती. चांगलं स्थळ कोणतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा लाल पेनने एका नावाभोवती मी स्वतः गोल केला होता.

मी कचऱ्याच्या टोपलीत ओकले.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर आवाज झाला.

धप्.

काहीतरी जड. एका पायरीवर.

धप्. धप्. धप्.

वरून खाली गडगडत गेलं. अकरा पायऱ्या आहेत आमच्या, अकरा आवाज झाले. मी धावत जाऊन पाहिलं. जिना रिकामा होता. पांढरं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं.

मी उन्नतीला फोन लावला.

“उन्नती, कुठे आहेस?”

“बाड्यावर, बाजारात. समरजीत आलेत ना सागरहून. सराफ्यातून अंगठी घेतली. ताई, इतकी सुंदर है ना...”

“तू आधी घरी जा. एकटी. आत्ता.”

“अगं, आम्ही तुझ्याकडेच येतोय. त्यांना तुझ्याकडून ते नाव काढल्याचं पत्र हवंय. बस, पोचलोच. नीचे हैं हम।”

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

मला सुचलं ते एवढंच की आधी फोटो काढावा. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि महिपतरावांना पाठवला. ते झोपले होते. मेसेज उघडला गेला नाही.

दोघं वर आली. समरजीत पांढऱ्या शर्टात, कपाळावर घामाचा थेंब नाही. “नमस्ते, ताई.” मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

मी तो फिरवला नव्हता. वेंधळेपणा माझा. पण त्याचा चेहरा अजिबात बदलला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“उन्नती,” तो म्हणाला, “कोपऱ्यावर गन्ने का रस दिसला होता. तिघांसाठी आण ना. ताईंची तबियत बरी दिसत नाही.”

“उन्नती, जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“आले गं दोन मिनिटांत. काय चेहरा झालाय तुझा!” आणि ती गेलीसुद्धा.

त्याने दाराची कडी लावली.

“डिलीट करा, ताई.”

“पहिली कशी पडली?”

“डिलीट करा.”

“आणि वनमाला? तिला खरंच कोरोना झाला होता?”

त्याने माझे केस धरले आणि माझं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. काय झालं हे कळायच्या आत पुन्हा आपटलं. कीबोर्डवर रक्ताचे थेंब पडलेले मी पाहिले. तो ओरडत नव्हता. घरातलं काही काम उरकावं तसं करत होता.

“कोरोना में कोई पूछता नहीं है,” तो म्हणाला. “पिशवी बांधून देतात. बापालाही चेहरा दाखवत नाहीत.”

मग त्याने माऊसची वायर उपटली आणि माझ्या गळ्याभोवती घातली.

मी नखं मारली, लाथा मारल्या. त्याच्या गालाचं कातडं माझ्या नखात आलं. वायर घट्ट होत गेली. माझ्या कानात फक्त कूलरची घरघर उरली.

मग तीही...

कूलर बंद पडला.

बांगड्या वाजल्या. या वेळी माझ्या कानाशी नाही. त्याच्या.

वायर सैल झाली. मी खाली पडले, खोकत, रक्त गिळत. वर पाहिलं. समरजीत माझ्यामागे ताठ उभा होता आणि त्याचे केस वर उचललेले होते. मुठीत धरल्यासारखे. मूठ नव्हती. मान मागे, अजून मागे, अजून मागे. त्याच्या गळ्यावर गोल खळगे पडत होते, मला माहीत होते तसेच. तो स्वतःच्या गळ्यावरून काहीतरी ओढून काढायला बघत होता आणि त्याच्या हाताला काही लागत नव्हतं.

दाराची कडी आपोआप सरकली.

तो उलटा, पाठीच्या बाजूने, टाचा घासत बाहेर गेला. दाराची चौकट त्याने दोन्ही हातांनी धरली होती. त्याची बोटं एकेक करून उलटी वळली. काडकाड आवाज मी ऐकला. आणि मग तो जिन्यावरून गेला.

धप्. धप्. धप्.

अकरा.

मी रांगत दारापर्यंत आले. खाली उन्नती उभी होती. उसाच्या रसाचे तीन ग्लास तिच्या हातातून पडले होते. समरजीत तिच्या पायाशी पडला होता. एक पाय भलत्याच बाजूला. तो जिवंत होता. “बचाओ” म्हणाला.

मग तो वर यायला लागला.

चालत नव्हे. केसांनी ओढला जात, एकेक पायरी, तोंड खाली. प्रत्येक पायरीच्या कडेवर त्याचे दात लागत होते. तो माझ्या इतका जवळ आला की त्याच्या डोळ्यांतल्या फुटलेल्या शिरा मला दिसल्या.

वरच्या पायरीवर तो उभा राहिला. उभा केला गेला.

आणि पुन्हा खाली.

हे तीनदा झालं. दुसऱ्यांदा तो आईला हाका मारत होता. तिसऱ्यांदा आवाज फक्त पायऱ्यांचा आला.

उन्नती किंचाळली नाही. ती भिंतीला चिकटून सगळं पाहत होती. शांत झाल्यावर ती त्याच्या अंगावरून ओलांडून वर आली, मला मांडीवर घेतलं आणि ओढणीने माझं तोंड पुसलं.

“ताई, तुझ्यामागे कोण होतं?”

“कोणी नाही. मी एकटीच...”

“झूठ मत बोल, ताई. दोघी होत्या.”

पोलीस आले. माझा गळा, दात, वायर, सगळं पाहिलं. त्याने मला मारहाण केली आणि पळताना पाय घसरला, असं कागदावर आलं. तेच सोयीचं होतं. फुटलेल्या कवटीचं आणि गळ्यावरच्या खळग्यांचं काय, ते डॉक्टरांनी एकमेकांना विचारलं असेल, आम्हाला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात मेला.

माझी बहीण वाचली. आठ जूनला ती घरी, पलंगावर, माझ्या शेजारी झोपून होती. दिवसभर मी तिचा हात सोडला नाही.

मला वाटलं, वनमालानेच वाचवलं आम्हाला. देवीसारखी आली आणि गेली. माणूस स्वतःची किती चटकन समजूत घालतो!

जुलैत मी झाशीला गेले. त्या काकांना सांगणं माझं कर्तव्य होतं. पोलिसांनी त्यांना आधी कळवलंच होतं. ते खूप वाळले होते. मला खुर्ची दिली, स्वतः चहा करून आणला. मी सगळं सांगितलं. तीन नोंदी, तारखा, पहिली बायको. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटातून एक कागद काढला. एकोणीसची यादी. माझ्या लाल पेनचा गोल.

“बेटा, अठरा सालचं हे जर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं,” ते म्हणाले, “तर मग तेव्हा का नाही दिसलं?”

आवाजात राग नव्हता हो. खरंच विचारत होते. साधा मास्तर माणूस, त्यांना समजून घ्यायचं होतं.

आणि मी... मी म्हटलं, “काका, जुना कॉम्प्युटर. त्यात ती माहिती तेव्हा नव्हती. नंतर सापडली.”

त्यांनी मान हलवली. “हां, असं होतं,” म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना गाडीत, दतिया सोडल्यावर, भर दुपारी, डब्यात माणसं असताना, माझ्या डाव्या हाताची करंगळी मोडली. मी खिडकीशी बसले होते. हात मांडीवर होता. ती उलटी वळली आणि मोडली.

ऑगस्टमध्ये तिच्या शेजारचं बोट मोडलं, वर्गात, फळ्यासमोर. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मधलं. डॉक्टर म्हणतात हाडं ठणठणीत आहेत, रिपोर्ट नॉर्मल. उन्नती म्हणते, ताई, काही बोलायचं राहिलंय का तुझं? मी नाही म्हणते. गेल्या मंगळवारी चौथं मोडलं.

त्या दुपारी कोणी मला वाचवायला आलेलं नव्हतं, हे मला आता पक्कं कळलंय. वनमालाला समरजीतचा हिशोब आधी करायचा होता, एवढंच. ती थांबेल की नाही, मला माहीत नाही. मी झाशीला दोनदा फोन लावला आणि त्यांचा आवाज ऐकून ठेवून दिला. तोंडाने नाही सांगू शकत मी. म्हणून सहा बोटांनी इथे लिहितेय. झाशीतलं कोणी हे वाचत असेल तर त्यांना वाचून दाखवा.

काका, माहिती तेव्हाही होती. मीच टिक काढली होती.